सीटखालची रबरी पट्टी

आमच्या घरी पाहुणे जमले, जेवणं उरकली आणि पान-सुपारीचं तबक फिरलं, की कुणीतरी म्हणतंच, "आता गाडीची गोष्ट होऊ द्या." मग मी सुरू होतो. मंठ्याच्या एका रिटायर मास्तरनं मला जुनी मोटारसायकल कशी गळ्यात मारली, ती भर बाजारात कशी रुसून बसायची, किका मारून मारून माझा उजवा पाय डाव्यापेक्षा कसा जाडा झाला. स्वतःला मूर्ख ठरवण्यात मी कधी काटकसर करत नाही, त्यामुळं गोष्ट रंगते. लोक पोट धरून हसतात.

पण या गोष्टीतून मी एक माणूस गाळतो. तो गाळला की गोष्ट विनोदी होते. आज त्याला घेऊन सांगतो.

तो माणूस म्हणजे आमचा मिस्त्री. जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, समोर लिंबाचं झाड आणि झाडाखाली कायम तीन-चार आजारी गाड्या. वीस वर्षांची ओळख आमची. ओळख म्हणणंही कमीच, कारण तो माझा मेव्हणा आहे. सख्खा नव्हे. माझ्या बायकोला चार बहिणी, भाऊ एकही नाही. आमच्या लेकीच्या वेळी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी निवडणुकीच्या ड्यूटीवर, कुठल्याशा गावच्या शाळेत मतपेट्यांशेजारी डास मारत बसलो होतो. शेजारणीनं कोपऱ्यावर जाऊन मिस्त्रीला हाक मारली. त्याच्याकडं एक रिक्षा कामाला आलेली होती, तीत घालून त्यानं हिला दवाखान्यात नेलं. ती रिक्षा ब्रेकच्याच कामाला आली होती, हे त्यानं आम्हाला लेक तीन महिन्यांची झाल्यावर सांगितलं. दवाखान्याच्या कागदावर सही करताना 'नातं' या रकान्यात काय लिहायचं म्हणून तो थोडा थांबला आणि त्यानं 'भाऊ' असं लिहिलं. तेव्हापासून तो हिचा भाऊ. दर राखीला सकाळी अकराच्या सुमाराला, हात घासून घासून, तरी नखांत काळं राहिलेलंच, असा तो पाटावर येऊन बसतो. मी त्याचा दाजी, लेकीचा तो मामा.

आमचं अर्धं घर त्या माणसानं बांधून ठेवलेलं आहे, हे अगदी शब्दशः. जुन्या ट्यूबच्या रबराची बोटभर रुंदीची पट्टी कापायची, ताणून ताणून गुंडाळायची, शेवटचं टोक दोनदा उलटं घेऊन आत खुपसायचं आणि बाहेर नखाएवढं शेपूट तिरपं कापून ठेवायचं. ही त्याची पद्धत. कुकरची मूठ, मोरीतला नळ, माझ्या छत्रीचा दांडा, लेक लहान असताना तिच्या पाळण्याची कडी, सगळीकडं ती पट्टी आणि ते तिरपं शेपूट. "दाजी, सोडायची असली तर हे शेपूट वढायचं. न्हाई तर जिंदगीभर सुटत न्हाई. असं बांधणारा दुसरा माणूस आख्ख्या जिल्ह्यात दाखवा," असं तो म्हणायचा. मी कौतुकानं मान हलवायचो. मला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही.

दोन वर्षांमागं माझी बदली झाली. शाळा केदारखेड्याच्या पुढं, आत. एसटी केदारखेड्यापर्यंत नेई, पुढं दैव. गाडी घेणं भाग होतं. घरात बैठक झाली आणि तीत असं ठरलं, की नवी स्कूटी कॉलेजला जाणाऱ्या लेकीला घ्यायची आणि जुनी मोटारसायकल बापाला. बापाचं मत मोजायला कुणी थांबलं नाही.

मी मिस्त्रीला सांगितलं. आठच दिवसांत तो आमच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, मंठ्याला एक गाडी हाय. मास्तरची."

आता आमच्याकडं जुन्या गाडीच्या व्यवहारात दोन शब्दांना फार मान आहे. एक 'एकहाती', म्हणजे एकाच मालकाची, आणि दुसरा 'मास्तरची'. डॉक्टरची गाडी दगदगलेली, पुढाऱ्याच्या पोराची तर विचारूच नका. पण मास्तरची म्हणजे घर ते शाळा, शाळा ते घर, तिसाच्या पुढं काटा नाही आणि रविवारी फडक्यानं पुसलेली. मी स्वतः मास्तर आहे, आणि माझ्या आधीच्या गाडीला मी काय काय भोगायला लावलं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी 'मास्तरची' म्हणताच मी विरघळलो. आमचा बाजार असा आहे.

दुसरा रिवाज म्हणजे जुनी गाडी बघायला जाताना आपला मिस्त्री सोबत न्यायचा. मुलगी बघायला जाताना मामाला नेतात तसा. बोलायचं त्यानं, आपण बिस्किटं खायची. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं मंठ्याला गेलो. मास्तर रिटायर झालेले, पांढरा स्वच्छ सदरा, अंगणात तुळस. गाडी पायरीशेजारी गोणपाटाखाली झाकलेली. गोणपाट त्यांनी असं काढलं, की मला टाळ्या वाजवाव्या वाटल्या. काळी, शंभर सीसीची, टाकीवर लाल पट्टा, आरसे दोन्ही शाबूत.

"आपण कुठले म्हणायचे?" मास्तरांनी मिस्त्रीला विचारलं.

"जालन्याचा जी. गॅरेज हाय माझं."

"अच्छा अच्छा. मग तुम्हीच बघा बारीक नजरेनं. आपल्याला लपवाछपवी न्हाई."

आतून मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. दोन कप दुधाचे आणि एक ग्लास बिनदुधाचा, लिंबू पिळलेला. ग्लास त्यांनी मिस्त्रीसमोर ठेवला. मिस्त्रीला दुधाचा चहा चालत नाही, छातीत जळजळतं. गेली वीस वर्षं आमच्याही घरी त्याला तसाच चहा होतो. त्यानं ग्लास उचलला आणि फुंकर मारून प्याला. मी बिस्किट बुडवत होतो. बिस्किट तुटून कपात पडलं आणि माझं सगळं लक्ष ते काढण्यात गेलं.

मग मिस्त्रीनं गाडी चालू केली. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावतात, तसंच. हे बघताना मला नेहमी भरून येतं. त्यानं ब्रेक बघितले, चेन बघितली, धूर बघितला, चाक उचलून फिरवलं. मग उठून हात पुसत म्हणाला, "घ्या दाजी. डोळे झाकून घ्या."

मी घेतली. डोळे झाकून. किंमत इथं लिहीत नाही, तिच्यावरून घरात अजून वाद आहे.

पुढचे काही दिवस मी त्या गाडीच्या प्रेमात होतो, हे कबूल करायला पाहिजे. जुनी गाडी ही सासूसारखी असते. तिच्या सवयी आपण शिकायच्या, ती आपल्या शिकत नाही. सकाळी ती सरळ उभ्यानं कधी चालू व्हायची नाही. आधी डावीकडं तिरकी करून दोनदा हलवायची, मग सरळ करायची, मग चोक ओढून तीन किका. चौथी मारली तर रुसायची. तिसऱ्या गिअरमध्ये तिला बरं वाटे, चौथ्यात ती उदास होई. राजूरच्या चढाला ती खोकायची, पण चढायची. उजवीकडचा सिग्नल दिला की हॉर्नचा आवाज बारीक व्हायचा. हे का होतं, ते मिस्त्रीलाही कधी सांगता आलं नाही. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, टाकी भरली तरी आणि आटली तरी. मी टाकीला कान लावून, गाडी हलवून, आतला डुबुक आवाज ऐकून पेट्रोल ओळखायला शिकलो. वर्गात मुलांना मी अपूर्णांक शिकवतो, पण पाव आणि पाऊण यातला फरक मला खरा कळला तो त्या टाकीमुळं.

आणि एक आवाज. तो मी एकटा असलो की यायचा नाही. बायको मागं बसली, की सीटखालून 'किर्र' असा बारीक आवाज यायचा. खड्डा आला की 'किर्र-कट'.

ही म्हणाली, "मी बसले की ही कण्हायला का लागते हो?"

आता अशी संधी मी सोडणारा माणूस नव्हे. म्हणालो, "जनावराला वजन कळतं."

ती हसली. मग हा विनोद घरात चालूच झाला. लेक म्हणायची, "मम्मी, आज गाडीला उपास आहे, तू रिक्षानं जा." पाहुण्यांतही मी सांगायचो, "आमच्या गाडीला तोलकाटा बसवलेला आहे. हिच्या बसण्यावरून आवाज देते." ही प्रत्येक वेळी हसायची. मग तिनं सकाळी चालायला जायला सुरुवात केली, आणि पुढं संध्याकाळची भाकर सोडली. मी म्हणालो, "अरे वा." एवढंच. ज्याला टाकीतला आवाज ऐकून पेट्रोल ओळखता येत होतं, त्याला बायकोचं हसणं किती उरलंय ते काही ओळखता आलं नाही.

आवाजाबद्दल मी मिस्त्रीला विचारलं होतं. त्यानं वाकून बघितल्यासारखं केलं. "सीटचं रबर गेलंय दाजी, दुसरं काय न्हाई. जुनी गाडी हाय, बोलणारच." मग पाना पुसता पुसता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताईला घिऊन लांब जात जाऊ नका पण. शॉकअप म्हातारे झालेत."

मी घरी येऊन सांगितलं, "बघ, भावाला किती काळजी तुझी."

राखीला दहा-बारा दिवस उरले होते. शाळा सुटल्यावर मी एकटाच परत येत होतो, आणि केदारखेड्याजवळ गाडी मागून पोहायला लागली. म्हणजे पुढचं चाक रस्त्यानं आणि मागचं आपल्या मनानं. आणि तो 'किर्र' आज मी एकटा असूनही येत होता. मी उतरलो, ढकलत स्टँडजवळच्या एका टपरीवजा गॅरेजला नेली. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांनी गाडी मागून धरून दोनदा दाबली, सीट काढली आणि आत हात घातला.

"सर, इकडं या," ते म्हणाले.

सीटखाली, जिथं धक्के झेलणारा शॉकअप गाडीच्या सांगाड्याला बसतो, तिथं नळीला काळं रबर गुंडाळलेलं होतं. त्यांनी ब्लेड घेतलं.

"थांबा," मी म्हणालो.

मी वाकलो आणि तिरपं कापलेलं ते नखाएवढं शेपूट चिमटीत धरून ओढलं. पट्टी एका झटक्यात सुटली.

खाली वेल्डिंगचा जाड व्रण होता, वर काळा रंग मारलेला, आणि त्या व्रणातून केसाएवढी चीर आरपार गेलेली.

"चेसी, म्हंजे सांगाडाच मोडलेला हाय हिचा," म्हातारे मिस्त्री म्हणाले. "मागं कवा तरी जोरात आपटलेली. वेल्डिंग मारलंय, पन ते काय खरं नस्तं. आन् ज्यानं बांधलं त्याला म्हाईत होतं सर. नायतर हितं रबर कोन गुंडाळतं? वेल्डिंग दिसू नये म्हनूनच हे काम." त्यांनी चष्मा वर केला. "मागं कुनाला बसवता का?"

"बायकोला."

 त्यांनी फक्त चीर पडलेल्या जागी अंगठा ठेवला आणि काढला.

त्यांनी सांगितलं, की लोखंडी पट्टी देऊन पक्कं करून देतो. तुमच्या एकट्यापुरती चालेल, पण मागं कुणाला बसवू नका, पोत्यालासुद्धा नको. मी गाडी ठेवली आणि एसटीनं जालन्याला आलो. रबराची पट्टी डब्याच्या पिशवीत होती. खिडकीशी बसून मी मंठ्याचं ते अंगण पुन्हा बघत होतो, आणि आता मला तो चहाचा ग्लास दिसला. बाईंनी मिस्त्रीला विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला कुणी न विचारता बिनदुधाचा, लिंबू पिळलेला चहा देत नाही. आणि पेचकस त्यानं सगळीकडं लावला होता, सीट तेवढी उचलली नव्हती. बिस्किट काढण्यात मी केवढा गुंग होतो.

मी थेट गॅरेजवर गेलो. तो एक कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धूत होता. मी पट्टी त्याच्यासमोरच्या स्टुलावर ठेवली. त्यानं ती ओळखायला जितका वेळ लागायचा तितकाही घेतला नाही.

"कुठं उघडली?" त्यानं विचारलं.

"केदारखेड्याला."

"हं."

"त्या मास्तरांना ओळखत होतात तुम्ही."

तो कार्बोरेटर धूतच राहिला. मग म्हणाला, "आमच्या जावयाचे मामा हायेत ते."

त्याच्या लेकीच्या लग्नात मी जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत फिरलो होतो. म्हणजे त्या मास्तरांना मी स्वतःच्या हातानं जिलेबी वाढलेली असणार, आग्रह करून. वाढणारा ताटं बघतो, चेहरे बघत नाही. माझा तरी तसाच प्रकार आहे.

"गाडी त्यांच्या पोरानं पुलाच्या कठड्याला घातल्ती," तो सांगू लागला. "वेल्डिंग मीच करून आन्लं, बांधली मीच. मंग ते म्हन्ले, गिऱ्हाइक बघा. लेकीच्या सासरचं काम दाजी. जावयाच्या मामाला न्हाई म्हनायला तोंड पाहिजे. लग्नाला वर्ष न्हवतं झालं."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं अस्तं तर घेतली अस्ती का तुमी?"

"नसती घेतली."

"तेच."

 तो पुढं म्हणाला, आणि हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, "मी इचार केल्ता दाजी. दुसऱ्या कुनाला दिली अस्ती तर त्यानं पळवली अस्ती, मोडली अस्ती, माणूस गेला अस्ता. तुमी तिसाच्या वर काटा नेत न्हाईत. तुमच्या हातात टिकली अस्ती."

माझ्या सावधपणाची इतकी बारीक दखल आजवर कुणी घेतली नव्हती.

"आणि ताई?" मी विचारलं.

त्यानं कार्बोरेटर खाली ठेवला. "लांब नेऊ नका म्हनलो होतो," तो म्हणाला. बोलताना त्याचा आवाज खाली गेला. "गाडी आना. मी बदलून देतो सगळं. माझ्या खर्च्यानं."

"राहू द्या," म्हणून मी घरी आलो.

घरी बायको राख्यांची पुडकी उघडून बसली होती. भावासाठी दरवर्षी ती एकच राखी घेते, पण दहा बघून. "ही बघा हो, कशी आहे?" मी म्हणालो, चांगली आहे. आणि तिथं मी ठरवलं, की हिला काही सांगायचं नाही. भाऊ नसलेल्या बाईला वयाच्या पंचविशीत एक भाऊ मिळाला. तो मी माझ्या हातानं काढून घ्यायचा? स्वतःशी हे बोलताना मला मी फार मोठ्या मनाचा वाटलो. मनात असंही होतं, की तो राखीला येणारच नाही, आणि मग मला काही करावंच लागणार नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली. दुसऱ्याच दिवशी ही म्हणाली, "बाजारला येता का?" मी म्हणालो, "रिक्षानं जा." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिनं विचारलं नाही, रिक्षाच बोलावली.

राखीला अकरा वाजता तो आला. हात घासलेले, नखांत काळं. मी दारातच उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी बाजूला झालो. तो पाटावर बसला, हिनं कुंकू लावलं, ओवाळलं, राखी बांधली. त्यानं तिच्या पायांना हात लावला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मी भिंतीशी उभा राहून पंख्याकडं बघत होतो.

चहा झाला. बिनदुधाचा. तो जायला निघाला तेव्हा ही त्याच्यामागं अंगणात आली. गाडी तिथंच उभी होती.

"भाऊ, आता तुम्हीच सांगा ह्यांना," ती हसत म्हणाली. "दहा दिस झाले, मला गाडीवर बसवत न्हाईत. मी तर दोन महिन्यांपासून एक वेळ जेवून राह्यले. गाडीत काही दोष आहे का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. बोलायची पाळी कुणाची हे दोघांनाही कळत नव्हतं, किंवा दोघांनाही कळत होतं.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "गाडी चांगली हाय."

आणि मी गप्प राहिलो.

"म्हणजे दोष माझ्यातच," ती म्हणाली. पदर खोचला आणि चढून मागच्या सीटवर बसली. "चला. कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारा. भाऊंच्या समोर. बघू दे किती कण्हते ते."

मी जागचा हललो नाही. किल्ली माझ्या हातात होती. ती वाट बघत होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसावं तशी. लेक दारात येऊन उभी राहिली.

मिस्त्री पुढं आला. त्यानं हँडल धरलं, दुसरा हात हिच्यापुढं केला. त्या हातावर नवी राखी होती.

"उतरा ताई," तो म्हणाला.

"का?"

"उतरा."

ती उतरली. एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "काय झालं?"

"दाजी सांगतील," तो म्हणाला. चपला घातल्या आणि गेला. म्हणजे ती गाडी त्यानं माझ्या गळ्यात घातली होतीच. आता तिची गोष्टही घातली.

मी सांगितली. ओट्यावर बसून, ग्लासापासून चिरेपर्यंत आणि जावयाच्या मामापर्यंत, त्याचं ते एक वाक्य सोडून सगळी. मध्ये एक-दोन ठिकाणी हसवायचाही प्रयत्न केला, सवयीनं. लेक आत निघून गेली. बायको ऐकत होती. मला वाटलं, ती भावासाठी रडेल. मी तिला समजवायची वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती.

तिनं गाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तो आवाज माझ्यामुळं न्हवता."

"नव्हता."

"तुम्हाला कवा कळलं?"

"दहा-बारा दिवसांपूर्वी."

"आणि कालपर्यंत मी भाकर खात न्हवते."

मी म्हणालो, "तुझा भाऊ तुटू नये म्हणून बोललो नाही."

"त्यानं लपवलं ते लेकीसाठी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "चुकलाच. पण लेकीसाठी. तुम्ही कुणासाठी लपवलं?"

 शाळेत तीस वर्षं प्रश्न विचारण्यात गेल्यानं असेल, उत्तर काही आलं नाही.

पुढच्या राखीला तो आला नाही. हिनं राखी मात्र आणली होती, दहा बघून एक. ती पुडक्यातच राहिली आणि देवघराच्या खणात गेली. गॅरेजवरून जाताना ती पदर सावरून सरळ बघत चालते. तोही खाली मान घालून कुठल्यातरी चाकात गुंतलेला असतो. मी माझी गाडी केदारखेड्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेतो. ती अजून चालते, एकट्यापुरती.

पाहुणे जमले की गोष्ट अजून होते. मी मंठ्याच्या मास्तरांपाशी आलो, 'अशी गळ्यात मारली हो त्यानं' म्हणालो आणि लोक हसायला लागले, की ही उठून आत जाते.  भांड्यांचा आवाज येतो.

त्या राखीनंतर एकदा मी कुकरच्या मुठीवरची पट्टी काढायला गेलो होतो. म्हटलं, घरात नकोच ते. शेपूट चिमटीत धरलंही होतं. तिनं कुकर माझ्या हातातून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "हे तरी नीट बांधलेलं आहे."